सावरीचा कापूस की मेडिकलचा? पक्ष्यांना घरट्यासाठी नेमका कुठला ठेवायचा

मार्च-एप्रिल आला की बरेच जण बाल्कनीत, गॅलरीत, टेरेसवर पक्ष्यांना घरट्यासाठी कापूस ठेवतात, आणि खरंच सांगते, ते बघून फार बरं वाटतं. पण ठेवलेला असतो तो बहुतेक वेळा मेडिकलमधून आणलेला, निळ्या कागदात गुंडाळलेला रोल. काटेसावरीच्या बोंडातून उडतो तो कापूस आणि हा रोलमधला, दोन्ही पांढरे, दोन्ही मऊ, शेजारी शेजारी ठेवले तर पटकन ओळखू पण येत नाहीत, त्यामुळे शेवटी कापूसच ना, असं कुणालाही वाटणारच. घरट्यात गेल्यावर मात्र दोघं एकदम उलटे वागतात, आणि त्याचा थेट संबंध पिल्लांच्या जिवाशी आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी पाण्याचं बघू. एका वाटीत पाणी घ्या आणि मेडिकलच्या कापसाचा पुंजका टाका, काही सेकंदांत भिजून खाली बसतो. तो बनवलाच त्यासाठी असतो. शेतातून येतो त्या कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, तो कॉस्टिक सोड्यात उकळून, ब्लीच करून काढून टाकतात, म्हणजे जखमेतलं रक्त-पाणी नीट शोषलं जावं, आणि चांगल्या प्रतीचा कापूस स्वतःच्या वजनाच्या २० पटीहून जास्त पाणी धरतो. आता त्याच वाटीत सावरीचा पुंजका टाका. तो तरंगत राहतो, बोटाने दाबून खाली नेला तरी परत वर येतो, कारण त्याचा एकेक तंतू आतून पोकळ, हवेने भरलेला, आणि बाहेरून मेणचट असतो. याच कुळातली पांढरी सावर, जिच्या कापसाला कपोक म्हणतात, तो तर पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरायचे.

हे आपल्याकडे जास्तच महत्त्वाचं आहे. युरोप-अमेरिकेतले सल्ले वाचून आपण वसंत संपला की विषय संपला असं धरतो, पण इथला शिंपी, म्हणजे पानं शिवून घरटं करणारा छोटासा पक्षी, मार्चपासून अगदी डिसेंबरपर्यंत घरटं करतो आणि त्याचा खरा जोर असतो जून ते ऑगस्ट, म्हणजे भर पावसात! घरटं दोन-तीन पानांच्या आडोशाला, वाऱ्याबरोबर तिरकी सर आत येतेच, तेव्हा आत मेडिकलचा कापूस असेल तर तो पाणी पिऊन गच्च होतो आणि लवकर वाळत नाही. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर पीस नसतं, पहिले काही दिवस स्वतःची ऊब स्वतः राखता येत नाही, अशा वेळी ओल्या गादीवर पडून राहणं म्हणजे गारठून मरणं.

दुसरा फरक दिसायला बारीक पण माझ्या मते पाण्याइतकाच मोठा. मेडिकलचा कापूस चिमटीत धरून ओढत ओढत पिळा, लगेच वात होते, देवाच्या निरांजनात लावतो तशी. सावरीच्या कापसाची वात होतच नाही, तो बोटांतून निसटतो नाहीतर तुटून त्याचा भुगा होतो. कारण असं की कपाशीचा तंतू वाळला की चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो, त्यामुळे शेजारच्या तंतूत अडकतो, म्हणून तर त्याचं सूत निघतं. सावरीचा तंतू गोल, गुळगुळीत आणि आखूड. तो कपाशीसारखा बीला चिकटून येतच नाही, बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो आणि सुटतो, बिया नुसत्या मध्ये मोकळ्या पडलेल्या असतात, झटकलं की गळतात. नुसत्या त्याचं धड सूत निघत नाही म्हणूनच पूर्वीपासून तो उशा-गाद्यांत गेला.

आता हा पीळ घरट्यात काय करतो बघा. पिल्लं दिवसभर वळवळत असतात, पायाखालचा कापूस पिळत जाऊन त्याची बारीक दोरी होते, ती पायाभोवती बसते, पाय तर रोज जाडा होत असतो, मग रक्त अडतं आणि पाय निकामी होतो, कधी पिल्लू उडायच्या वेळी तिथेच लटकून राहतं. मांज्याने होतं तेच, फक्त हळूहळू. म्हणून दिव्याच्या वाती, पूजेनंतरची गेजवस्त्रं, सुतळीचे लांब तुकडे, लोकरीचे धागे यातलं काहीही बाहेर ठेवू नका. गेजवस्त्राचं मुद्दाम सांगते, कारण निर्माल्यातून उचलून श्रद्धेने झाडाला अडकवलेली बरीच दिसतात. आणि घरात कुत्रं असेल, त्याला गोचिडांचं औषध लावत असाल तर त्याचे केस पण नकोत, फिप्रोनिलसारखी औषधं केसांवर राहतात.

विदर्भ-मराठवाड्याकडे घरात वेचणीचा कच्चा कापूस असतो, तो चालेल का? मेण शाबूत असल्यामुळे तो मेडिकलच्या कापसासारखा लगेच पाणी पीत नाही, पण पिळायचा स्वभाव तोच. द्यायचाच तर सरकी काढून, चिमूटभर, नीट पिंजून. सावर मिळत असेल तर सावरच द्या असं माझं मत.

आणखी एक फसवणारा आहे, उशीतला फायबर. बाजारात सावरीची उशी म्हणून घेतली तरी आत पॉलिस्टर मिसळलेलं असू शकतं. चिमट्यात धरून थोडासा पेटवून बघा, सावरीचा कागद जळाल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर तो पक्ष्यांना अजिबात नको.

हा कापूस नेतं कोण? बुलबुलला त्याचं फारसं काही नसतं, तो बारीक काटक्या, मुळं, गवत यांची वाटी करतो. चिमणी मिळेल ते भोकात कोंबते, म्हणून तर आपण काय ठेवतो याची काळजी जास्त. खरी गिऱ्हाइकं म्हणजे शिंजीर, फुलटोच्या (दोन्ही फुलांवर येणारे चिमुकले पक्षी) आणि शिंपी. शिंजिराची लोंबती पिशवी बाहेरून सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा लावून अगदी कचऱ्यासारखी दिसते आणि आत मऊ कापसाचं अस्तर. शिंप्याची मादी पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडते, त्यातून तंतू ओवते, बाहेर आलेलं टोक पिंजल्यासारखं फुगतं आणि भोकातून मागे सरकत नाही, एवढ्यावर सगळा टाका धरलेला असतो, गाठ कुठेच नाही. टाक्यासाठी आणि पिशवी बांधायला या सगळ्यांना कोळ्याचं जाळं लागतं, ते आपण विकत आणून देऊ शकत नाही, तेव्हा पाडव्याच्या साफसफाईत गॅलरीचा एखादा कोपरा तसाच राहू द्या प्लीज.

सावर शोधणं अवघड नाही. जानेवारी ते मार्च बिनपानांचं, लालभडक फुलांनी भरलेलं झाड दिसलं की जागा लक्षात ठेवायची आणि एप्रिल-मेमध्ये परत जायचं, बोंडं तपकिरी होऊन पाच फाकांत उकलतात, खाली पडलेली दोन-चार आणली तरी पूर्ण सीझन पुरतात. सावर जवळ नसेल तर रुईची म्हातारी चालते, तीही आखूड आणि गुळगुळीत असते, फक्त पूर्ण वाळलेलं फळच घ्या, हिरव्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

ठेवताना लिंबाएवढा पुंजका बोगनवेलीच्या काट्यांत किंवा उघड्या विणीच्या बांबूच्या टोपलीत सैल अडकवायचा, ओढला की सुटला पाहिजे. कांद्याची प्लॅस्टिकची जाळी नको, तिच्यात नखं अडकतात. जागा पावसापासून आडोशाची, मांजर पोचणार नाही अशी, आणि खाण्याच्या ताटलीपासून लांब, कारण तिथे कावळे-साळुंक्यांची भांडणं चालू असतात आणि शिंजिरासारखा एवढासा पक्षी गर्दीत येत नाही. पक्षी एका फेरीत अगदी थोडा नेतो, त्यामुळे आठवडाभर काहीच कमी झालं नाही असं वाटलं तरी जागा बदलत बसू नका.

आणि तुमच्याच कुंडीतल्या झाडावर घरटं दिसलं तर कुंडी हलवायची नाही, पानं बाजूला करून फोटो काढायचे नाहीत. शिंप्याची अंडी साधारण १२ दिवसांत फुटतात, नंतर पिल्लं उडेपर्यंत अजून दोनेक आठवडे, तोपर्यंत झाडाला पाणी घालायचं ते मुळाशी, वरून पाइपने नको.