कोळसा संपला, दुखणी उरली

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत आज कसले दवाखाने हवेत, याची चर्चा कोळशाला वगळून होतच नाही. खाणी बंद पडल्या, ऱ्होंडा खोऱ्यातली शेवटची १९९० च्या डिसेंबरात. फुफ्फुसांत बसलेली धूळ मात्र राहिली.

सरकारने लक्ष घालण्याआधीच इथल्या कामगारांनी आपली सोय लावली होती. ट्रेडेगर या गावात १८९० साली मेडिकल एड सोसायटी निघाली. पगारातल्या दर पौंडामागे ३ पेनी वर्गणी. तेव्हाचा पौंड २४० पेनींचा, म्हणजे शंभराला सव्वा. तेवढ्यात डॉक्टर आणि औषधं. चष्म्याची, अगदी कवळीचीही सोय. पुढे जवळजवळ सगळं गाव त्यात आलं. याच गावचे अनायरिन बेव्हन पोरवयात खाणीत उतरले. वडील १९२५ मध्ये धुळीच्या आजाराने गेले, भरपाई शून्य. आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हननी ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. मूळ कल्पना ट्रेडेगरचीच, फक्त वर्गणीऐवजी मुख्यतः करातून.

सेवा मोफत झाली तरी डॉक्टर खोऱ्यांत यायला राजी नव्हते. आफान खोऱ्यातल्या ग्लिनकॉरूगला १९६१ पासून राहिलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट अपवादच. कुणी खोकला घेऊन येवो की पाय मुरगळून, ते बाही वर करायला लावून रक्तदाब मोजत आणि नोंद ठेवत. अशा रीतीने गावातल्या जवळपास सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजून झाला. उपाय कसला साधा! पण तो जमायला डॉक्टरने वर्षानुवर्षं एकाच गावात राहावं लागतं. १९७१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी. १९६० आणि ७० च्या दशकांत अनेकांनी इथे एकट्याने दवाखाने चालवले. ती पिढी निवृत्त झाल्यावर जागा भरणं अवघड होऊन बसलं.

ट्रेडेगर ज्यात येतं त्या ब्लायनाय ग्वेंट जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ते २०२१ मध्ये सुमारे ६९,८०० वरून ६६,९०० वर आली. माणसं घटली म्हणून दवाखाने घटवावेत, हा हिशेब मात्र फसवा. मागे राहिलेल्यांत म्हातारे आणि जुनाट दुखण्यांचे लोक बरेच. त्यात नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन खोऱ्यांमध्ये डोंगर आडवा. गाडी नसलेल्याला पलीकडच्या दवाखान्यात जायला बस बदलत जावं लागतं.