मागचं ब्लर करायचं की दाखवायचं?

सोलापुरात लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेली मंडळी हल्ली व्हिडिओवाल्याला आवर्जून सांगतात: मागचं सगळं ब्लर पाहिजे, एकदम सिनेमासारखं. पण सुरुवातीचा सिनेमा तसा दिसत नव्हता.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. लांबून येणारं इंजिन आणि फलाटावरची माणसं दोन्ही नीट दिसतात. भर उन्हात लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, बारीक ठेवता येई. ते बारीक असलं की जवळचं आणि लांबचं एकदम फोकसमध्ये राहतं. फोकसमध्ये राहणाऱ्या या पट्ट्यालाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

धूसर पार्श्वभूमीची सवय स्टुडिओत लागली. बोलपट आले तशी आर्क दिव्यांची घरघर माइकला अडचणीची ठरली आणि टंगस्टनचे दिवे वापरात आले. प्रकाश कमी, म्हणून ॲपर्चर मोठं. चेहरा उठून दिसू लागला आणि मागचं नेपथ्य विरघळलं. आपल्याकडे 1934 साली प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो लेन्स (लांबचं जवळ आणणारी, फोकसचा पट्टा अरुंद करणारी) लावून राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखवला. (याच शांतारामांनी पुढे 1946 साली आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चित्रपट काढला.)

उलट दिशेचं, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट दाखवण्याचं मोठं पाऊल 1941 सालच्या ‘सिटिझन केन’ या हॉलिवूडपटाचं. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी), जास्त संवेदनशील फिल्म आणि भरपूर प्रकाश यांच्या जोरावर ॲपर्चर एफ 8 किंवा त्याहून बारीक ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक). त्यातलं एक दृश्य मला फार मोलाचं वाटतं. पुढे टेबलाशी आई मुलाला दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या कागदावर सही करते, मध्ये बाप कुरकुरतो, आणि मागे खिडकीच्या चौकटीत तो मुलगा बर्फात खेळतोय. त्याचं आयुष्य ठरतंय आणि त्याला पत्ताही नाही. खिडकी ब्लर केली असती तर दृश्यातला जीवच गेला असता. अर्थात त्या चित्रपटातली काही खोल दृश्यं दुहेरी एक्स्पोजरने, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून, जुळवलेली आहेत, सगळी करामत लेन्सची नव्हे.

ब्लरची आजची लाट 2008 नंतरची. कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू कॅमेऱ्यात मोठा सेन्सर (फिल्मऐवजी प्रकाश टिपणारा भाग) आणि व्हिडिओ एकत्र आले आणि हा परिणाम छोट्या शहरातल्या स्टुडिओच्याही आवाक्यात आला. 50 मिलिमीटर लेन्स, एफ 1.8 आणि 2 मीटर अंतर असलं की फोकसमध्ये उरतं साधारण 17 सेंटीमीटर, वीतभरही नाही.

याच काळात आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) आला. शेवटाकडे जब्या आणि घरचे डुक्कर खांद्यावरून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं. भिंतीवरचे चेहरे ओळखू येतात म्हणून तर तो प्रसंग बोचतो.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात चादर विणणाऱ्या कामगारावर फिल्म करायची तर मी मागची मागांची रांग धूसर करणार नाही. फाइव्ह डीच्या त्याच मोठ्या सेन्सरवर 24 मिलिमीटर लेन्स, एफ 8, फोकस साधारण 2.4 मीटरवर: सव्वा मीटरपासून थेट शेवटच्या मागापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शेडमध्ये उजेड कमी पडेल, तेव्हा दोन दिवे जास्त न्यावेत.