कोरीव छाप की डेकल? जुनी निळी ताटली ओळखताना

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या निळ्या नक्षीच्या ताटल्या दुकानात शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. काहींवर तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून घेतलेला ट्रान्सफर छाप असतो, तर काहींवर लिथोग्राफीने (सपाट पृष्ठावरून होणाऱ्या छपाईने) छापलेलं डेकल, म्हणजे भांड्यावर चिकटवायचं तयार चित्र. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला छापील माल बहुतेक पहिल्या प्रकारचा. डेकल रुळलं ते विसाव्या शतकात.

मातीच्या भांड्यांवर झिलईखाली निळा छाप घेण्याची रीत स्टॅफर्डशायरचा कुंभार जोसाया स्पोड याने १७८४च्या सुमारास पक्की बसवली. गरम पत्र्याच्या कोरीव रेषांत कोबाल्ट (निळा रंग देणारं द्रव्य) आणि तेलाचा घट्ट रंग भरायचा, वरचा पुसून काढायचा, साबणाच्या पाण्याने ओलावलेल्या पातळ कागदावर छाप उचलायचा. कागद कापून एकदा भाजलेल्या, झिलई न दिलेल्या ताटलीवर ताठ ब्रशने घासून बसवायचा आणि पाण्यात धुऊन काढायचा. मग मंद भट्टीत तेल जाळायचं. ते राहिलं तर त्या जागी झिलई धरत नाही.

सपाट कागद गोल काठावर नीट बसत नाही, त्यामुळे किनार तुकड्यांनी जोडलेली असते. म्हणून आधी सांधे शोधा: अर्ध्यात कापलेलं फूल, एकावर एक चढलेली वेल, कागद चुरगळल्याची पांढरी रेघ. आमच्या मते याहून भरवशाची खूण नाही.

डेकल बहुधा झिलईवर चिकटवून भाजतात. ताटली उजेडात तिरपी धरली की त्याची कड चमकते, कधी नखालाही लागते. पण झिलईखालची डेकलंही असतात, म्हणून दहापट भिंग हवंच. इथे हमखास चूक होते: ठिपके दिसले की डेकल, असं लोक ठरवून टाकतात. छटा दाखवायला तांब्यावरही ठिपकेच कोरत. ते लहानमोठे असतात आणि पानाफुलांच्या वळणाने जातात. आधुनिक छपाईचे ठिपके मात्र जाळीसारखे, ओळीत असतात. बहुरंगी म्हणजे डेकल, हेही खरं नाही. स्टॅफर्डशायरमधल्याच फेंटनच्या प्रॅट कारखान्याने १८४०च्या दशकापासून दर रंगाला वेगळा पत्रा वापरून बहुरंगी छाप काढले.

ताटलीच्या मागे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, ब्रिटनमधल्या नक्षीनोंदणीचा शिक्का असेल तर तो १८४२ ते १८८३ मधला. वर्षाचं अक्षर १८६७पर्यंत वरच्या कोपऱ्यात, १८६८पासून उजव्या. ते वर्ष नक्षीच्या नोंदणीचं आहे. ताटली त्यानंतर कितीही वर्षांनी भट्टीतून निघालेली असू शकते.