आजोबा लॉर्ड लिंडसे, नातू लॉर्ड बॅलकॅरिस

इटालियन कलेवर लिहिणारे ‘लॉर्ड क्रॉफर्ड’ म्हटलं की आजोबा आणि नातू यांची हमखास सरमिसळ होते. दोघेही लिंडसे या स्कॉटिश उमराव घराण्यातले. शिवाय पुस्तकं लिहिली तेव्हा दोघेही अर्ल (वंशपरंपरागत उमरावपद) झालेले नव्हते. अलेक्झांडर लिंडसे यांचा ख्रिस्ती कलेवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८४७ साली ‘लॉर्ड लिंडसे’ या नावाने आला. नातू डेव्हिड यांचं इटालियन शिल्पकार डोनातेल्लोवरचं पुस्तक १९०३ साली ‘लॉर्ड बॅलकॅरिस’ या नावाने. पुढे आजोबा पंचविसावे अर्ल ऑफ क्रॉफर्ड झाले, नातू सत्ताविसावे.

राजकारणात मुरलेले होते ते नातू. १८९५ पासून १९१३ पर्यंत चोर्लीचे खासदार, शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे मुख्य प्रतोद. १९१५ साली, अर्ल असूनही, ते लष्कराच्या वैद्यकीय दलात साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि १९१६ मध्ये तिथून मंत्रिमंडळात आले, शेतीखात्याचे मंत्री म्हणून.

खरा फरक पाहण्याच्या पद्धतीत आहे. आजोबा आधी सिद्धांत मांडतात: इंद्रियं, बुद्धी, आत्मा अशी माणसाची चढण. इजिप्तची वास्तुकला पहिल्या पायरीवर, ग्रीकांचं शिल्प दुसऱ्या, ख्रिस्ती चित्रकला सर्वांत वर. राफाएलच्या आधीच्या चित्रकारांना, जोत्तोला, त्यांनी मनापासून मान दिला, तोही इंग्लंडमध्ये फार थोडे लोक तिकडे वळत होते तेव्हा. हे मोठंच काम.

नातवाने मात्र नेमकं शिल्प निवडलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की डोनातेल्लोच्या चरित्राची साधनं फार तुटपुंजी आहेत, माणूस कळायचा तो त्याच्या कामातूनच. मग एकेक मूर्ती घेऊन बसतात. फ्लोरेन्सच्या सेंट जॉर्जच्या पुतळ्याच्या पायथ्याची संगमरवरी पट्टी घ्या: घोडेस्वार, ड्रॅगन, राजकन्या, मागे आत आत जाणाऱ्या कमानी. कोरीव काम इतकं उथळ, की उजेड तिरपा पडला तरच खोली उमटते. अशा कामापुढे आधी ठरवलेली पायरी उपयोगी पडत नाही, म्हणून मला नातवाची रीत जास्त भरवशाची वाटते.

नातवाचे चिरंजीवही डेव्हिडच, तेही खासदार आणि पुढे नॅशनल ट्रस्ट या ब्रिटनमधल्या वारसा जपणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. डोनातेल्लोवरचं पुस्तक त्यांचं नव्हे.