जी नेमका किती?

भाचीच्या अकरावीच्या पुस्तकात गुरुत्व स्थिरांक, म्हणजे कॅपिटल जी (कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात हे ज्यावरून काढतात तो आकडा), ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात एवढाच दिलाय. ती म्हणाली, "मामा, प्रकाशाच्या वेगाला नऊ आकडे आणि ह्याला तीनच?" प्रश्न एकदम बरोबर आहे. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा १९८३ पासून ठरवूनच टाकलाय, मीटरच त्यावरून काढतात, त्यामुळे त्यात एरर शून्य. जी मात्र अजून मोजावाच लागतो.

१७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ही ओढ मोजायला लंडनमध्ये केलेला प्रयोग मला आजही थरारक वाटतो. सहा फुटी दांडी बारीक तारेने आडवी टांगलेली, टोकांना पाऊण पाऊण किलोचे शिशाचे गोळे, आणि त्यांच्याजवळ १५८ किलोचे मोठे गोळे आणायचे. त्यांच्या ओढीने दांडी जराशी फिरते आणि तारेला पीळ पडतो. ही ओढ किती, तर वाळूच्या एका बारीक कणाच्या वजनाएवढी! पृथ्वीची ओढ मध्ये येत नाही कारण ती तारेच्या रेषेत सरळ खाली असते आणि दांडी फिरते आडवी. अंगाच्या उष्णतेने हवा हलली तरी दांडी हलेल म्हणून हा माणूस खोलीबाहेरून दुर्बिणीने बघायचा. पण तेवढा पीळ पडायला जोर किती लागला हे कसं कळणार, इतका बारीक जोर मोजणारा काटा आणायचा कुठून? तर झोक्याला पीळ देऊन सोडला की तो इकडे तिकडे गरगरतो ना, तशी दांडी झुलू द्यायची आणि घड्याळ लावायचं. तार जितकी ताठ तितका झुलायला वेळ कमी, ताठपणा त्या वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि दांडी-गोळ्यांचं जडत्व आधीच माहीत असतं, म्हणजे जोर न मोजताच तारेचा ताठपणा हातात येतो. त्यावरून गोळ्यांची ओढ कळली, ती पृथ्वीच्या ओढीशी ताडून त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट काढली, आज आपण ५.५१ म्हणतो. जी सुद्धा ह्याच मोजणीतून निघतो.

आणि हो, मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी त्याची आपल्यावरची ओढ, केंद्र वीतभर अंतरावर असलेल्या त्या १५८ किलोच्या गोळ्याच्या ओढीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. पत्रिकेतल्या मंगळावरून मुलींची लग्नं मोडणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

जीची आजची मान्य किंमत ६.६७४३० (पुढचा दहाचा उणे अकरावा घात तोच), त्यात शेवटच्या दोन आकड्यांत १५ इकडे किंवा तिकडे. अडचण अशी की गुरुत्वाला आडोसा करता येत नाही, भिंत, माणूस, पावसाने भिजलेली माती सगळं ओढतच असतं, शिवाय तार हळू पिळली की तिचा ताठपणा किंचित वेगळा भरतो. २०१८ मध्ये चीनच्या वुहानमधल्या गटाने दोन पद्धतींनी मोजलं, एक उत्तर ६.६७४१८४, दुसरं ६.६७४४८४, दोन्हींत एरर फक्त ०.००००७८, तरी फरक त्याच्या जवळजवळ चौपट. कुठेतरी काहीतरी सुटतंय आणि ते काय हे अजून सापडलेलं नाही.

उपग्रह सोडताना ह्याने काही अडत नाही, कारण तिथे जी आणि पृथ्वीचं वस्तुमान ह्यांचा गुणाकार लागतो आणि तो उपग्रहांच्या कक्षांवरूनच आठ-नऊ आकड्यांपर्यंत पक्का कळलेला आहे. पण त्यातून पृथ्वीचं वस्तुमान किलोत वेगळं काढायला गेलं की जीची एरर त्यात जशीच्या तशी उतरते, आणि ती साधारण सगळ्या समुद्रांतल्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी भरते.