आज कोणती मासळी न्यावी?

दुकानात येणारे बहुतेक ग्राहक आधी इसवण (सुरमई) विचारतात. साहजिक आहे. काटे थोडे, मांस घट्ट, तव्यावर तुकडी मोडत नाही. पण शिळ्या इसवणीपेक्षा ताजा बांगडा केव्हाही सरस. म्हणून आमची विनंती: मासा घरून ठरवून येऊ नका, आज काय चांगले उतरले आहे ते विचारा.

बांगडा आणि तारले (सार्डिन) ही तेलकट मासळी. ओमेगा-३ भरपूर आणि चव अशी दणकट की तिरफळाचे हुमण, उडदमेथी या गोव्याकडच्या माशांच्या कालवणांना तीच हवी. मात्र ती लवकर बिघडते. बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते उकळून वा तळूनही जात नाही. मग तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. पुष्कळांना ही माशाची ॲलर्जी वाटते. बाजारात इतर कामे असतील तर मासळी सर्वांत शेवटी घ्या. बर्फ आमच्याकडे मागा, त्याचे पैसे लागत नाहीत.

मुडदुशी (लेडीफिश) किनाऱ्यालगतच्या वाळूत आणि खाडीत मिळते. मांस पांढरे, पचायला हलके. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर आम्ही हीच सुचवतो. तिला मसाला बेतानेच लावा.

चणाक (बारामुंडी) खाडीतही राहतो, समुद्रातही. तो आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. त्याच्या जाड मांसाला रेशाद, म्हणजे लाल मिरची आणि व्हिनेगरचा गोव्याचा मसाला छान लागतो. लेपो (चपटा सोल मासा) पातळ, तो रवा लावून तळावा. शेवटो (मुलेट) तर गोव्याचा राज्यमासा. मोरी म्हणजे लहान शार्क; तिला हाडे नसतात, कूर्चा असते. तिच्या अंगातल्या युरियाचा शिळेपणी अमोनिया होतो, म्हणून नाकाला झोंबणारी मोरी कुठेही घेऊ नका.

इतर मासे घेताना कल्ला उघडून पाहा, तो लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा. बोटाने दाबलेले मांस लगेच वर यायला हवे. आमच्या टोपलीतली मासळीसुद्धा अशीच पारखून घ्या, संकोच नको.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ. तेव्हा आमच्याकडे खाडीची आणि सुकी मासळी मिळेल. गोठवलेली इसवण असली तर तसे पाटीवर लिहिलेले असेल.