मत्स्यालयातील फिल्टर मीडिया : देखभाल आणि बदल

घरगुती मत्स्यालयातले पाणी ज्या वस्तूंमधून फिरवून पुन्हा टाकीत सोडले जाते, त्यांना एकत्रितपणे फिल्टर मीडिया म्हणतात. स्पंज, फिल्टरचा कापूस, सिरॅमिकच्या रिंगा, बायोबॉल म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार गोळे, सक्रिय कोळसा, झिओलाइटचे खडे हे सगळे त्यात येतात. नवीन मासे पाळणाऱ्याला मीडिया म्हणजे कचरा अडवणारी गाळणी वाटते आणि गाळणी घासूनपुसून लख्ख करायची ही घराघरातली सवय. या सवयीपायी दरवर्षी असंख्य मासे मरतात. मीडियावर जीवाणूंची वसाहत वाढलेली असते आणि माशांच्या शरीरातून बाहेर पडणारे विष हीच वसाहत पचवते. मीडिया धुताना व बदलताना ती वसाहत शाबूत ठेवणे हा या देखभालीचा गाभा आहे.

मीडियात काय घडते : मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही तो तयार होतो. जीवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया व नायट्राइट अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जीवाणू मातीतून वेगळे केले. मत्स्यालयावरच्या पुस्तकांत पुढे बराच काळ नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी सांगितली जात असे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट पचवण्याचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे 1998 मध्ये पुढे आले. 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्याच एका जैविक फिल्टरमधले होते.

मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने या जीवाणूंचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्यांचा संथपणा. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाणूंना त्यासाठी अर्धा-एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणूनच नवी टाकी 'बसायला', म्हणजे तिच्यात पुरेशी वसाहत वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात आणि दहा मिनिटांत नळाखाली गमावलेली वसाहत परत मिळवायलाही काही आठवडे जातात.

या जीवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला सुमारे 4.57 मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 7.14 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल रिचवण्याची ताकद, संपते. ही आकडेवारी महाराष्ट्रातल्या पाण्याला लावून पाहण्यासारखी आहे. मुंबईला मिळणारे तलावांचे पाणी मऊ, त्यामुळे अशा पाण्याच्या जुन्या टाकीत क्षारता संपत जाऊन सामू (pH) उतरतो आणि जीवाणू मंदावतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असते. त्यात जीवाणू मजेत वाढतात, पण फिल्टर बिघडलाच तर धोकाही तिथेच जास्त. 25 अंश सेल्सियसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. एकच चूक मुंबईतल्या टाकीत निभावते आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत रात्रीतून मासे उलटे होतात, ते यामुळे.

प्रकार : कचरा अडवणारा मीडिया म्हणजे स्पंज आणि कापूस. जीवाणूंना जागा देणारा मीडिया म्हणजे रिंगा, बायोबॉल, सच्छिद्र दगड. पाण्यात विरघळलेली द्रव्ये ओढून घेणारा मीडिया म्हणजे कोळसा आणि झिओलाइट. ही विभागणी सोयीपुरती आहे, कारण स्पंजवरही जीवाणू तितक्याच आनंदाने वाढतात आणि छोट्या टाकीत तर सगळी भिस्त त्या एका स्पंजवरच असते. पाण्याच्या वाटेत आधी जाड स्पंज, मग बारीक, मग रिंगा आणि कोळसा वापरायचाच असेल तर शेवटी, असा क्रम लावतात. हौशी मंडळी घरगुती संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, प्लास्टिकच्या भांडी घासायच्या घासण्या किंवा पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडेही भरतात आणि ते उत्तम चालतात. जुन्या पद्धतीच्या टाक्यांत खड्यांखाली प्लास्टिकची जाळी अंथरून पाणी खड्यांतूनच ओढले जाते. तिथे तळाचे खडे हाच मीडिया असतो, तेव्हा सगळे खडे एका दिवशी उपसून धुणे म्हणजे फिल्टर फेकून देण्यासारखेच आहे.

धुण्याची रीत : आधी पंप आणि हीटरचा प्लग काढावा. टाकीतले चतुर्थांश पाणी नळीने एका बादलीत काढून घ्यावे. मीडिया धुवायचा तो याच पाण्यात. बादली फक्त टाकीसाठी राखून ठेवलेली असावी. धुण्याभांड्याच्या बादलीला साबणाचा अंश चिकटलेला असतो आणि तेवढाही माशांना बाधतो. एअर पंपाच्या बुडबुड्यांवर चालणारा स्पंज फिल्टर टाकीतून वर उचलताच त्यातला सगळा गाळ पाण्यात सुटतो, म्हणून पाण्याखालीच त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी सरकवून पिशवीसकट बाहेर काढावा.

बादलीत पहिल्यांदा पिळला की स्पंजातून उकळलेल्या चहाच्या रंगाचे पाणी निघते. दुसऱ्यांदा पिळला की रंग फिका होतो. तिसऱ्यांदा पिळून थांबावे. स्पंज तपकिरीच राहतो आणि तसाच राहायला हवा. मूळचा निळा किंवा काळा रंग दिसेपर्यंत पिळत राहण्याचा मोह आवरणे अवघड जाते, पण तो आवरलाच पाहिजे. या वेळी गाळाचा वास जरूर घ्यावा. निरोगी फिल्टरचा गाळ ओल्या मातीसारखा वास देतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मीडियात कुठेतरी पाणी तुंबून प्राणवायू संपला आहे असे समजावे.

रिंगा चोळू नयेत. जाळीच्या पिशवीत भरून ठेवल्या की बादलीत चारदा हेलकावून काम भागते. पंपाच्या इंपेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांवर, मात्र दया दाखवायचे कारण नाही. तो जुन्या टूथब्रशने खरवडून, नळाखालीही धुतला तरी चालतो. प्रवाह मंदावण्याचे कारण पुष्कळदा तिथेच गुंडाळलेल्या बुळबुळीत थरात सापडते.

नळाचे पाणी टाळायचे ते क्लोरीनमुळे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार त्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते आणि ते असते जीवाणू मारण्यासाठीच. घट्ट बसलेला थर एका विसळण्याने पूर्ण मरतो असे नाही, अनेकांचे मासे नळाखाली स्पंज धुऊनही जगलेले असतात. पण टाकीतले पाणी फुकट हाताशी असताना हा जुगार खेळण्यात काहीच अर्थ नाही. बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसले तरी तापमान आणि सामू यांचा झटका बसतोच. साबण, ब्लीचिंग पावडर, डेटॉल यांचे नावही काढू नये. आणि स्पंज गच्चीवर उन्हात वाळत घालू नये. गोधड्यांना ऊन मानवते, या जीवाणूंना ओलावाच हवा.

किती दिवसांनी : पंचांग पाहून नव्हे, प्रवाह पाहून. बाहेर पडणारी धार बारीक झाली, स्पंज फिल्टरचे बुडबुडे घटले किंवा टाकीच्या वर बसवलेल्या टॉप फिल्टरमधले पाणी मीडियातून न झिरपता कडेवरून वाहू लागले की धुण्याची वेळ झाली. गप्पीच्या लहान टाकीत दोन ते चार आठवडे सहज जातात. गोल्डफिश घाण फार करतात, तिथे आठवडा-पंधरवड्याने पाहावे लागते. चांगला भरलेला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर, दोन-तीन महिने उघडला नाही तरी बिघडत नाही. ज्या दिवशी मीडिया धुतला त्या दिवशी तळाचे खडे उपसू नयेत, दोन्हींत आठवड्याचे तरी अंतर ठेवावे. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा.

याबाबत कोकणात गणपतीला जाणाऱ्या घरांत दिसणारी एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. घर बंद करून आठ-दहा दिवस जायचे म्हणून आदल्या संध्याकाळी टाकी रिकामी करून, खडे घासून, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र करून सगळे 'नीट' लावले जाते. वर माशांचे हाल होऊ नयेत म्हणून खाद्य मूठभर टाकले जाते. वसाहत गेलेली, खाद्य कुजत असलेले आणि पाहायला घरी कोणी नाही. परत आल्यावर दार उघडताच वास येतो. हे सगळे मायेपोटी केलेले असते, म्हणून त्याचे जास्त वाईट वाटते. गावी जाण्याआधी फिल्टर धुवायचा तर दोन आठवडे आधी धुवावा. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात.

बदलणे : कापूस खुशाल बदलावा. तो स्वस्त असतो, पटकन गच्च होतो आणि त्याच्यावर वसाहतीचा थोडाच भाग असतो. एक ते तीन आठवड्यांत तो टाकून नवा घालणे योग्य. स्पंज वर्षानुवर्षे टिकतो. पिळल्यावर फुगून पूर्ववत होईनासा झाला किंवा हाताने तुकडे पडू लागले तरच तो बाद समजावा. सिरॅमिकच्या रिंगा त्याहूनही टिकाऊ. भुगा होऊ लागल्या किंवा छिद्रे कायमची बुजली तरच त्या काढाव्यात आणि तेव्हाही एक तृतीयांशच काढून उरलेल्या जुन्यांत नव्या मिसळाव्यात. पुढचा हप्ता महिन्याभराने. नवा स्पंज घालायचा असेल तर तो जुन्याला लगटून त्याच फिल्टरमध्ये चार ते सहा आठवडे चालवावा, मग जुना काढावा. जागा नसेल तर जुना अर्धा कापून उरलेल्या अर्ध्यात नव्याचा तुकडा बसवावा.

लहान तयार फिल्टरांबरोबर कापूस आणि कोळसा एकत्र शिवलेली कार्ट्रिज येते आणि वेष्टनावर ती दर महिन्याला बदलण्याची सूचना असते. ही सूचना कोळशापुरती खरी आहे. पण त्या फिल्टरमध्ये दुसरा मीडियाच नसेल तर ती पाळणे म्हणजे दर महिन्याला टाकी पहिल्या दिवसावर आणून ठेवणे. कार्ट्रिजची शिवण उसवून कोळसा काढून टाकावा आणि कापड तेच विसळून वापरावे, किंवा तिच्यामागच्या फटीत साध्या स्पंजचा एक तुकडा कापून कायमचा बसवावा.

मीडियाचा मोठा भाग बदलावा लागला तर पुढचे आठ-दहा दिवस खाद्य निम्म्यावर आणावे, नवे मासे आणू नयेत आणि चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजत राहावे. दोन्ही शून्य हवेत. वाढलेले दिसले तर अँटिक्लोर म्हणजे क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्याने टाकीतले चतुर्थांश ते निम्मे पाणी बदलावे. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते. पाण्यात प्राणवायू असूनही मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून थोडे मीठ हा इथला प्रथमोपचार. वनस्पती आणि कॅटफिशसारखे खवले नसलेले मासे मात्र जास्त मीठ सोसत नाहीत.

कोळसा आणि झिओलाइट : नारळाच्या करवंटीपासूनही बनवला जाणारा सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा, वास आणि औषधांचे अंश शोषतो. अमोनियाला तो हात लावत नाही. तीन-चार आठवड्यांत त्याची शक्ती संपते. घरी उकळल्याने ती परत येत नाही. रोजच्या टाकीला त्याची गरज नसते. औषधोपचार संपल्यावर पाणी साफ करायला तो उपयोगी पडतो आणि औषध चालू असताना तो काढूनच ठेवावा लागतो. झिओलाइट अमोनिया धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्यात भिजवले की सोडून देते. हीच त्यातली मेख आहे. टाकीत झिओलाइट असताना उपचार म्हणून मीठ घातले तर धरलेला अमोनिया टाकीतच सुटतो. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइटचे देखणे स्फटिक संग्रहालयांत प्रसिद्ध आहेत. फिल्टरमध्ये वापरतात ते बहुधा क्लिनोप्टिलोलाइट, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेले.

वीज गेल्यावर : बंद कॅनिस्टरमधले जीवाणू आतला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि गुदमरू लागतात. भारनियमनाच्या गावात याचा अनुभव सर्वांना आहे. बराच वेळ वीज नसेल तर ती आल्याबरोबर कॅनिस्टर तसाच सुरू न करता आतले पाणी ओतून द्यावे, मीडिया टाकीच्या पाण्यात विसळावा आणि मग पंप लावावा. स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असल्याने जास्त काळ तग धरतो. सेलवर चालणारा एअर पंप जोडला की तो चालूही राहतो.

जुन्या मीडियाचा उपयोग : चालत्या टाकीतला जुना स्पंज नव्या टाकीसाठी विरजणासारखा असतो. ओळखीच्या कुणाकडून त्याचा तळहाताएवढा तुकडा मिळाला आणि नव्या फिल्टरमध्ये घातला तर टाकी बसण्याचा काळ निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. तुकडा त्याच टाकीच्या थोड्या पाण्यात, वर भरपूर हवा ठेवून पिशवीत बांधावा आणि तास-दोन तासांत नव्या फिल्टरमध्ये घालावा. देणाऱ्याच्या टाकीत गेल्या महिन्याभरात पांढरे ठिपके, बुरशी किंवा अचानक मेलेले मासे दिसले असतील तर तो घेऊ नये, कारण पाण्याबरोबर रोगही येतो. आणि विरजण लागले तरी त्याच दिवशी दहा मासे सोडू नयेत. दोन-तीन लहान मासे सोडून, रोज अमोनिया मोजत, पुढचे महिन्याभरात हळूहळू वाढवावेत.